टेबल हललं तो रविवार

टेबल हलवायचं नाही, हे मोजणीदारांना माहीत नव्हतं असं नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळीच जावई हसत हसत म्हणाला होता की आमच्या घरात सामानाला मुळं फुटलीत, खुर्ची वीतभर सरकली तर आमची आई दिवसभर बोलत नाही. पण व्याह्यांच्या घरच्या असल्या गोष्टी माणूस ऐकतो आणि सोडून देतो. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या त्या गृहस्थांना मोठा कागद पसरायला जागा आणि खिडकीतला उजेड हवा होता. त्यांनी जावयाला दुसरं टोक धरायला लावलं आणि चौतीस वर्षं एका जागी उभं असलेलं ते जड टेबल दोघांनी मिळून खिडकीकडे सरकवलं. लाकडी जमिनीवर चार पायांचे चार फिकट चौकोन उघडे पडले.

“होतं तिथे ठेवा ते,” जावयाची आई, घरातली आजी, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“ठेवतो हो. काम झालं की ठेवतो,” मोजणीदार म्हणाले आणि खिशातून फूटपट्टी काढली.

उद्या सकाळी दहाला दवाखान्यात जायचं होतं. बुधवारी जनुकतज्ज्ञ बाईंनी निदान सांगितलं तेव्हाच दोन कागद हातात दिले होते. एक कोरा, त्यावर तीन पिढ्यांची वंशावळ काढून आणायची. दुसरा छापील, बेचाळीस प्रश्नांचा, वर ठळक अक्षरांत ‘जीवनमान प्रश्नावली’. नात भिंगरी साडेसात वर्षांची. तिचे कान जन्मापासून मंद. दोन्ही कानांमागे यंत्रं होती, आणि घराला त्यांची इतकी सवय झाली होती की यंत्र काढलेली भिंगरीच अनोळखी वाटायची. आता बाई सांगत होत्या की कान आणि डोळे हे एकाच दोषाच्या दोन टोकांना बांधलेले आहेत. लाखात चार-पाच जणांना होतो असा दोष. नजर कडांकडून आत मालवत येते. किती वर्षांत ते सांगता येत नाही, आणि थांबवणारं औषध अजून हातात नाही. शिकवता मात्र येतं. बोटांनी वाचणं, काठीने चालणं, समोरच्याच्या तळहातावर बोलणं. आणि हे सगळं डोळे शाबूत असताना शिकलेलं बरं. दवाखान्याच्या केंद्रात पुढच्या सत्राला एक जागा होती. अट एकच, आपण इथे का येतो ते मुलीला माहीत हवं. न सांगता आणलेलं मूल शिकत नाही, नुसतं घाबरतं, असं बाई म्हणाल्या होत्या.

सांगायचं की नाही, यावर बुधवारपासून घराचे दोन तुकडे झाले होते. सांगायचं, असं म्हणणारी सून. तिला वडिलांचा, म्हणजे मोजणीदारांचा, पाठिंबा होता. नाही, असं म्हणणारा तिचा नवरा, आणि त्याच्या मागे आजी भिंतीसारखी उभी. नवऱ्याला घरात सगळे धाकटा म्हणत, एक्केचाळिसाव्या वर्षीही. त्याचं म्हणणं सोपं होतं. जे थांबवता येत नाही ते आधी सांगून पोरीच्या हाती काय लागणार? तिला आहे तेवढी वर्षं निवांत बघू दे. सून म्हणायची, निवांत बघू देऊ आणि मग एके दिवशी तिचं तिलाच कळू देऊ का, रस्त्याच्या मधोमध? यापुढे बोलणं जायचं नाही. दोघंही बोलता बोलता थांबायची, कारण दोघांनाही रडायचं असायचं आणि ती पाळी कुणाची हे ठरलेलं नसायचं.

मोठीला, म्हणजे धाकट्याच्या बहिणीला, कुणी विचारलंच नव्हतं. ती बावन्न वर्षांची, बिनलग्नाची, तिचेही कान लहानपणापासून मंद. तिच्या कानांकडे बोट दाखवून सगळे आतापर्यंत म्हणत आले होते की भिंगरी आत्यावर गेली, बस्स. मोठी दिवसभर खाली असायची, घरच्याच बाइंडिंगच्या कारखान्यात, फर्म्यांच्या, म्हणजे छापील पानांच्या तावांच्या, घड्या घालत आणि शिवत. आजही रविवार असून ती खालीच होती.

मोजणीदारांनी वंशावळ काढायला घेतली. बाईमाणसाला वर्तुळ, पुरुषाला चौकोन, आणि ज्याला दोष असेल त्याचा आकार काळा भरायचा. त्यांनी शेताचा नकाशा काढावा तशी प्रत्येक रेघ पट्टीने मारली. वर्तुळांसाठी वाटी मागून घेतली. पेन्सिल इतकी दाबून धरायची त्यांची सवय की कागदाच्या मागच्या बाजूलाही नकाशा उमटायचा.

“आमच्याकडे असं कुणीही नाही,” आपल्या बाजूचे चौकोन पुरे करून ते म्हणाले. “चार पिढ्या मला पाठ आहेत.”

“आमच्याकडे तरी कोण आहे?” आजी म्हणाली.

सुनेने पुन्हा एकदा सांगितलं की कुणाकडून आलं हा प्रश्नच नाही, दोघांकडून आल्याशिवाय हे होतच नाही. ते मोजणीदारांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा धाकट्याने ते आपल्या भाषेत सांगितलं. प्रत्येकाकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतात. एका प्रतीत एक फर्मा गळालेला असला तरी अडत नाही, दुसरीतून वाचता येतं. त्याच्या एका प्रतीत तो फर्मा नाही. तिच्याही एका प्रतीत नाही. दोघांचं आयुष्य बिनबोभाट चाललं. भिंगरीला नेमक्या त्या दोन प्रती मिळाल्या.

“आणि बाइंडर कोण, तर मी,” तो म्हणाला. विनोद होता, पण कुणी हसलं नाही.

मग प्रश्नावली निघाली. सून एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापील कागद हातात आला की आधी लाल पेन्सिल निघायची. प्रश्नावलीतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका तिने बुधवारीच दुरुस्त करून टाकल्या होत्या. उत्तर मात्र एकही लिहिलं नव्हतं. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी, अशी पाच घरं होती आणि त्यातल्या एकात खूण करायची. आठ वर्षांपुढच्या मुलांना स्वतःला विचारायचं, त्याखालच्यांचं पालकांनी भरायचं. भिंगरीला सहा महिने कमी पडत होते. सतरावा प्रश्न होता : आपण घरच्यांना त्रास देतो, असं मुलाला वाटतं का?

“कधीच नाही,” आजी म्हणाली. “लिहून टाक.”

“तिला विचारल्याशिवाय कसं लिहू, आई?”

“घरात लाडाचा पूर वाहतोय. तिला कशाला असं वाटेल?”

 धाकट्याला दोन वर्षांपूर्वीची दुपार आठवत होती. खळ लावलेली शंभरेक कव्हरं कारखान्याच्या जमिनीवर वाळत घातली होती आणि पाच वर्षांची भिंगरी सरळ त्यांच्यावरून चालत आली होती. बघत बघत, हसत, त्याच्याकडे. त्याने तिला एक थप्पड दिली होती. डोळे फुटले का तुझे, असं तो म्हणाला होता. हे वाक्य बुधवारपासून त्याच्या मागे लागलं होतं. ताटावर बसला की शेजारी बसायचं. मूल समोर बघतं तेव्हा त्याला पायाखालचं दिसत नाही, असं काही जगात असतं हे त्याला कुठे माहीत होतं.

भिंगरी या वेळी खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून कागदाच्या कातरणींची रंगवार चळत लावत होती. मोठी माणसं तिच्यापासून दूर, हळू आवाजात बोलत होती. तिचा हात जमिनीला टेकलेला होता. अचानक तिने कातरणी सोडल्या, उठली, आणि नेहमीसारखी स्वतःभोवती अर्धी फिरली. या फिरण्यावरूनच आजीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती. मग ती टेबलाच्या जिन्याकडच्या कोपऱ्यापाशी जाऊन उभी राहिली.

जिन्यावर पावलं वाजली. मोठी चहाचा ट्रे घेऊन वर आली. कारखान्यातल्या शेगडीवर चहा तीच करायची. ती नेहमीसारखी ताठ, न अडखळता, सरळ चालत आली. तिच्या सरळ रेषेत आता टेबलाचा कोपरा होता. तो कमरेला लागायला एक पाऊल उरलं असताना भिंगरीने हात वर केला आणि आत्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवली. एकदा. मग सरकवून, डावीकडे, पुन्हा एकदा. मोठीचं पाऊल हवेत क्षणभर थांबलं आणि डावीकडे पडलं. ती कोपऱ्याला वळसा घालून आली. भिंगरीने ट्रेच्या कडेला बोट लावून तो टेबलावर टेकवला. एकही कप हिंदकळला नाही.

मोजणीदार पेन्सिलीला टोक करत होते. धाकटा खाली बघत होता. पाहिलं ते दोघींनी. आजीने, जिचा जीव टेबल हललं तेव्हापासून टांगणीला लागला होता, आणि सुनेने.

सुनेने ते पाहिलं आणि संशयाच्या शब्दापाशी थांबावं तशी ती थांबली. मग मागची पानं उलटू लागली. ताई संध्याकाळनंतर कधीच बाहेर पडत नाहीत. कारण, त्यांना गर्दी आवडत नाही. ताई बोलताना नेहमी तोंडाकडेच बघतात. कारण, कान मंद आहेत. गेल्या महिन्यात चाळीस वह्या परत आल्या, प्रत्येकीत एक फर्मा उलटा शिवलेला. कारण, शाई फिकी होती. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि प्रत्येक कारण आईंनी पुरवलेलं होतं.

तिने प्रश्नावली उचलली आणि मोठीच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर धरली. “ताई, हे जरा बघता का?”

मोठी तिच्या ओठांकडे बघत राहिली. “काय बघू?”

कागद तिच्या हातापासून चार बोटांवर होता. सुनेने तो तसाच धरून ठेवला. आता मोजणीदारांनीही मान वर केली. खोलीतल्या प्रत्येकाला कागद दिसत होता, एकटी सोडून.

“माझ्याकडे दे तो,” आजी म्हणाली आणि पुढे होऊन तो सुनेच्या हातातून ओढून घेतला. तिच्या त्या घाईनेच उरलेलं सगळं सांगून टाकलं.

धाकटा उठून उभा राहिला. “ताई?”

“किती वर्षं?” सुनेने विचारलं. मोठीला नाही, आजीला.

आजी खुर्चीवर बसली. बसायच्या आधी तिने खुर्ची जागेवर आहे का ते हाताने चाचपून पाहिलं. ती सवय आता मरेपर्यंत जाणार नव्हती. मोठी अठरा वर्षांची असताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. धाकटा तेव्हा सातचा. घरी येऊन आजीने सगळ्यांना सांगितलं होतं की पोरीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. त्याच आठवड्यात तिने घरातलं सामान लावून घेतलं, आणि पुढे नियम केला की काही हलवायचं नाही. नवऱ्याला ती शिस्त वाटली, शेजाऱ्यांना तऱ्हेवाईकपणा, पोराला आईचं खूळ. तिने सगळं अंगावर घेतलं. खाष्ट म्हणवून घेतलं. एकदा का लोकांना कळलं तर पोरगी माणूस राहणार नाही, नुसती आंधळी-बहिरी होईल, एवढीच तिला भीती होती. आणि ती भीती आजवर खोटी ठरली नव्हती.

“आमच्या लग्नाच्या वेळी तुम्हाला माहीत होतं,” सून म्हणाली.

“होतं.”

“आणि सांगितलं नाहीत.”

“तू सांगितलं असतंस? तुझ्या पोरीचं?” आजी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “आत्ता सांग बघू, उद्या हिच्यासाठी स्थळ आलं तर.”

 मोजणीदार काहीतरी बोलायला गेले, लपवाछपवी या शब्दाने सुरुवात केली, आणि मध्येच थांबले. त्यांची नजर स्वतःच्या बाजूच्या चौकोनांवर गेली होती. मग ते हळूच, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल, सांगू लागले की त्यांचा एक चुलत काका होता. ठार बहिरा. पंचविशीत विहिरीत पडून गेला. दिवेलागणीची वेळ होती. घरात म्हणायचे, तोल गेला.

 त्यांनी तो चौकोन काढलाच नव्हता.

“ताई,” सून आता मोठीसमोर गेली, तिला ओठ दिसतील अशी. “भिंगरीचं तुम्हाला कधी कळलं?”

“अशी स्वतःभोवती फिरायला लागली तेव्हा.” मोठी सरळ बोलत होती, थोडी मोठ्याने, तिच्या नेहमीच्या आवाजात. “तुम्ही सगळे हसायचात, भिंगरी भिंगरी म्हणून. ती खेळत नव्हती गं. खोली बघत होती. एका नजरेत मावत नाही ना, मग तुकड्यातुकड्याने बघायची. मी अशीच बघायचे.”

“म्हणजे दोन वर्षं. त्या दिवशी कव्हरांवर पाय दिला तिने. तुम्ही तिथे होतात.”

“होते.”

“त्यांनी मारलं तिला.”

“मला आवाज आला.” मोठीने हात एकमेकांत धरले. तिच्या अंगठ्याच्या बाजूला घड्या घालून घालून घट्टा पडला होता, त्यावर ती बोट फिरवत राहिली. “बोलले असते तर तिचं एकटीचं कळलं नसतं, माझंही कळलं असतं. कारखान्यातून उठवून तुम्ही मला खिडकीपाशी बसवलं असतं. मी भ्यायले. आईच्या माथी मारणार नाही, ते माझं मीच केलं. दोन वर्षं मी पोरीची खाल्ली. त्याची माफी माग म्हणशील तर मागते, पण ती पुरणार नाही, हे मलाही कळतं.”

सून म्हणाली, “नाही पुरणार.” आणि ती उभीच राहिली.

धाकटा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याने तिथूनच विचारलं, “ताई, आता किती दिसतं?”

मोठीला ते कळलं नाही, त्याची पाठ होती. भिंगरीने तिच्या तळहातावर काहीतरी पटकन केलं. मोठी म्हणाली, “असं समज, पुठ्ठ्याची नळी डोळ्याला लावलीय. तोंड दिसतं. हनुवटीखालचं माणूस अंदाजाने.”

तेव्हा सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. मोठ्यांचं बोलणं सुरू असताना ती तिथेच, टेबलाच्या कोपऱ्याला धरून उभी होती.

“हिला ऐकू आलं?” धाकट्याने विचारलं.

“ऐकू कशाला यायला हवं,” मोठी म्हणाली. “ओठ वाचते ती. मीच शिकवलंय. बुधवारपासून तुम्ही हळू बोलताय, पण हळू बोललं तरी ओठ तेवढेच हलतात. बुधवारी संध्याकाळीच खाली येऊन मला विचारून गेली.”

“काय विचारलं?”

“विचारलं, मला आधी दिसेनासं होणार की आत्या तुला? मी म्हटलं, मला. मग म्हणाली, ठीक आहे, म्हणजे तू आधी करून बघ.”

आजीने तोंडाला पदर लावला. चार दिवस ज्या दाराला सगळ्यांनी मिळून पाठ लावून धरली होती, त्याच्या मागे कुणी नव्हतंच. पोरगी केव्हाच बाहेर येऊन त्यांच्यात उभी होती, आणि त्यांच्याच भीतीला जपून, कळल्याचं कळू देत नव्हती.

सून गुडघ्यांवर बसली. तिला पुष्कळ बोलायचं होतं. रात्री जागून तिने वाक्यं जुळवली होती, खोडली होती, पुन्हा लिहिली होती. त्यातलं एकही आठवेना. तिने भिंगरीच्या यंत्राखाली अडकलेली केसांची बट सोडवली आणि सतरावा प्रश्न विचारला. “तुला कधी असं वाटतं का, की तुझा आम्हाला त्रास होतो?”

भिंगरीने आधी आईकडे पाहिलं, मग मान वळवून बाबाकडे, मग आणखी वळवून आजीकडे. सगळी खोली गोळा करून ती पुन्हा आईपाशी आली.

“कधीकधी,” ती म्हणाली. “बुधवारपासून नेहमी.”

 धाकटा आला, आणि तिला उचलायचं की नाही हे न कळून तिच्या शेजारी नुसता जमिनीवर बसला. कव्हरांवरचं ते त्याने तिला सांगितलं, अडखळत, तिला आपले ओठ दिसतील असं बघून. तिला ती थप्पड आठवत नव्हती. खळीचा थंडपणा पायाला लागला होता तेवढा आठवत होता. त्याने त्याचं काही हलकं झालं नाही.

सुनेने आजीच्या हातून प्रश्नावली परत घेतली आणि सतराव्या प्रश्नासमोर, ‘नेहमी’च्या घरात खूण केली. लाल पेन्सिलने.

मोजणीदारांनी चुलत काकाचा चौकोन काढला. पट्टी न घेता काढला, तो वाकडा आला. काळा भरताना त्यांनी मान वर केली नाही. मग धाकट्याशेजारच्या रिकाम्या वर्तुळापाशी त्यांचा हात थांबला.

“पेन्सिल द्या इकडे,” मोठी म्हणाली.

ती टेबलाशी वाकली. दाबून काढलेल्या रेघेचा चर तिने बोटाने शोधला, एक फेरी मारून पाहिली, आणि दुसऱ्या हाताने आतून काळं भरू लागली. भराभर नाही, कडेला शिवण घालावी तसं. चौतीस वर्षं राखलेलं वर्तुळ मिनिटभरात भरलं. आजी बघत होती. तिने डोळे वळवले नाहीत.

“झालं का नीट?” मोठीने विचारलं.

भिंगरीने टाचा उंचावून, मान फिरवून, काळजीपूर्वक तपासलं. “थोडं बाहेर गेलं.”

“किती?”

“केसाएवढं.”

“तेवढं चालतं,” मोठी म्हणाली.

आजी उठली आणि टेबलाच्या कडेला हात लावून धाकट्याला म्हणाली, चला, आता हे जागेवर ठेवू. मोठीने मान हलवली. राहू दे, उजेड चांगला आहे इथे. पावलं पुन्हा मोजीन. आजी तसाच हात ठेवून उभी राहिली, जणू तो काढला तर काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

चहा निवून गेला होता. कागदाच्या अगदी तळाशी, दोन रेघा येऊन मिळत होत्या तिथे, सगळ्यात लहान वर्तुळ होतं. तेवढं मोजणीदारांनी वाटीने काढलं नव्हतं. औषधाच्या बाटलीचं झाकण लावून काढलं होतं.

“हे माझं?” भिंगरीने विचारलं.

 धाकट्याने बायकोकडे पाहिलं. यावेळी तो नाही म्हणणार नव्हता, आणि म्हणूनच तिला वाटलं की त्याने म्हणावं.

“हो,” सून म्हणाली. “तुझं.”

“मीच भरू?”

मोठीने पेन्सिल पुढे केली, थोडी चुकीच्या बाजूला. भिंगरीने हात लांब करून ती घेतली. खिडकीतल्या वाऱ्याने कागदाचा कोपरा उचलला जात होता. सुनेने त्यावर तळहात ठेवला आणि कागद ताणून धरला, पोरीचं भरून होईपर्यंत.